मेंबरच्या दारापुढचा उकिरडा

वाशीम नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वेळी आमच्या गल्लीतला उकिरडा विहिरीपासून सोळा पावलांवर होता. पावलं मी मोजली होती, कारण माझ्या आठ महिन्यांच्या मुलाला तिसऱ्यांदा हगवण लागली होती. गल्लीत पदवीधर मी एकटीच, म्हणून अर्जही मीच केला. पालिकेनं कळवलं की, सदर ठिकाणी उकिरडा नसून अकरा वर्षांपासून कचऱ्याचा तात्पुरता संचय आहे. तो उचलण्याची गाडी सुस्थितीत आहे, मात्र बैल आजारी आहेत. बैलांना पाणी आमच्याच विहिरीवर पाजत.

उमेदवार दोन. कपडे शिवणारे देवमनजी नाल्यापलीकडे राहत. गावाबाहेर खड्डे खणून कचऱ्याचं खत करायचं, विहिरींना कठडे बांधायचे, असं सगळं त्यांनी वहीत आखून आणलं होतं. दुसरे भाऊसिंग, लाकडाच्या वखारीचे मालक. शाळेपुढचे चार कडुलिंब त्यांनी, वर्गात उजेड यावा म्हणून, तोडून नेले होते. त्यांचं घर आमच्या विहिरीला लागून.

"मत देवमनजींनाच," मी म्हणाले.

शेजारच्या प्रयागबाईंनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मेंबरच्या दारापुढं उकिरडा पाह्यला का तू कधी? देवमन मेंबर झाला तं नाल्यापल्याड साफ होईन. तुह्या पोराचं काय?"

"पण भाऊसिंगनं झाडं तोडली."

"तोडू दे. त्याचं घर कुठी हाये, ते पाह्य."

तर्कात खोट नव्हती. गल्लीनं उमेदवार न पाहता पत्ता पाहून मत दिलं. मीही दिलं. देवमनजींची अनामत जप्त झाली.

आठ दिवसांत बैल बरे झाले. नव्या मेंबरनी उकिरड्यासाठी नाल्यापलीकडची जागा आरोग्याच्या दृष्टीनं योग्य ठरवली. ती देवमनजींच्या दारापुढं होती. माझ्या मुलाचं पोट सुधारलं.

महिनाभरात पलीकडची विहीर नासली. एका सकाळी देवमनजींच्या पत्नी तुळसाबाई, कडेवर मलूल लेकरू घेऊन, आमच्या विहिरीवर आल्या.

"बाई, एक बादली घेऊ द्या. पोराले हगवण लागली."

"मेंबरले सांग ना," प्रयागबाई म्हणाल्या.

"मेंबर तं तुमीच केला."

विहिरीवरच्या सगळ्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या. मी पुढं झाले. दोराला त्यांचा हात न लागू देता मीच पाणी शेंदलं आणि त्यांच्या बादलीत ओतलं. वरून, हातभर अंतर ठेवून. यात जातीपातीचं काही नव्हतं. हगवण संसर्गजन्य असते, हे मी कॉलेजात वाचलं आहे. तुम्ही तर माझ्याहून शिकलेले. तुम्ही किती वरून ओतलं असतं?