आवळायची खोड

हेडक्लार्कांना आवळायची खोड होती. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला घरात पक्कड लागे. बायकोच्या शिवणाच्या टेबलाला एक खण होता, त्याची मूठही त्यांनीच आवळता आवळता मोडली होती. निवृत्त झाल्यावर ती नवी करून द्यायची म्हणून त्यांनी लाकूड कातायचं छोटं लेथ मशीन मागवलं आणि त्याच टेबलावर बसवलं. टेबल मिळालं ते सात दिवसांच्या बोलीवर.

"सातव्या दिवशी मूठ दिसली पाहिजे," बायको म्हणाली. "नाहीतर मशीन दुकानात परत, टेबल मला परत."

"मूठ काय, टेबलच नवं करतो," हेडक्लार्क म्हणाले. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या कामावर सह्या केल्या होत्या. स्वतःच्या हातची एक तरी वस्तू असावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

लेथला समोरासमोर दोन टोकदार सुळे असतात, त्यांच्यामध्ये लाकूड धरून फिरवायचं. त्याआधी टोकाला टोक भिडतंय ना, ते बघायचं. हेडक्लार्कांनी बघितलं. टोकं एकमेकांना चुकवून जात होती.

"छत्तीसचा आकडा," बायको म्हणाली.

त्यांनी मशीनच्या पायांचे चारही बोल्ट आणखी आवळले. अंतर वाढलं. टेबलच कललंय असं ठरवून त्यांनी टेबलाच्या एका पायाखाली मशीनचं माहितीपुस्तक घातलं. टेबल दुसरीकडे कललं. मग टेबल भिंतीकडे सरकवलं, तर कपाटाचं दार उघडेना. आत त्यांचे सगळे शर्ट होते. तीन दिवस ते एकाच शर्टात, ओठ आवळून बोल्ट आवळत राहिले.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी खोकं काढलं आणि परतीचा फॉर्म भरायला घेतला. "राहू दे. माझ्या हातात नाही ते," ते म्हणाले. आवाज इतका पडलेला होता की बायकोला कसंतरीच झालं. तिनं पाना उचलला आणि चारही बोल्ट सैल केले. मशीनचा एक पाय अलगद वर आला.

"अहो, टेबलाला इथं खळगा आहे. पाय टेकत नव्हता, तुम्ही जबरदस्तीनं टेकवलात. पिळलं गेलं बिचारं मशीन."

तिनं फॉर्मचा कोपरा कात्रीनं कापला, घडी घालून त्या पायाखाली सरकवला आणि दोन बोटांनी बोल्ट बेताचे आवळले. टोकाला टोक येऊन भिडलं.

"हे तुला कसं कळलं?"

"शिलाई मशीनचे स्क्रू तुम्ही आवळता. तुमची पाठ वळली की मी सैल करते. छत्तीस वर्षं झाली."

हेडक्लार्कांनी मशीनला लाकूड लावलं. संध्याकाळपर्यंत घरभर भुसा झाला आणि एक मूठ झाली. एका अंगानं जरा फुगीर होती, पण मूठच होती. ती खणाला लावताना स्क्रू शेवटच्या फेऱ्याला आला आणि त्यांचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच थांबला.

बायकोनं कौतुकानं खण ओढला. मूठ तिच्या हातात आली.

तिनं एकदा मुठीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरल्यावर तिनं स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली, "आता आवळा."