म्हशीला नसलेलं कुलूप

रणपिसे साहेब दार कधी हाताने उघडत नसत, कोपराने ढकलत. कासारवाडीतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानाला दारच नव्हतं, नुसतं शटर. तरी आत येताना कोपर पुढे.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा माणूस सकाळी भवानीच्या आधी यायचा, एका कुलपाला दुसऱ्याचीच किल्ली लावायचा, लागली नाही की खूश व्हायचा आणि काही न घेता निघायचा. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की त्या दिवसाचा धंदा बसतो, हे शाळा न पाहिलेल्या मलाही कळतं. हे तर लशीच्या प्रयोगशाळेत साहेब.

"शेठ, विषाणूचं असंच असतं," ते सांगत. "त्याला ना हातपाय, ना अक्कल. अंगावर किल्ली तेवढी. आपल्या पेशीवर तिच्या जोडीचं कुलूप असलं, तरच तो आत शिरतो."

एकदा मी वैतागून विचारलं, तुमचा तो पोलिओ बाहेर बांधलेल्या माझ्या म्हशीला का होत नाही? ते बाहेर जाऊन म्हशीला आदराने बघून आले. "तिच्या पेशीवर ते कुलूपच नाही. तुमच्यावर आहे. माकडांवर आहे."

माझ्याच दुकानात मला माकडांत बसवलं आणि म्हैस वर काढली. मी त्यांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी कोपर हजर. आता म्हणे माझ्या तान्ह्या छबीला पोलिओचे थेंब पाजा. थेंबात तोच विषाणू असतो, फक्त दमवलेला, हेही त्यांनीच सांगितलं. धडधाकट पोरीच्या तोंडात रोग घालू? मी साफ नाही म्हणालो. ते समजावत राहिले, की थेंब पाजले म्हणजे अंगात असं काही तयार होतं, की ते खऱ्या विषाणूच्या किल्लीलाच चिकटून बसतं. मग ती कुलपात जात नाही.

"यात माझा फायदा काय?" मी विचारलं.

त्यांनी फळीवरची कुलपं मोजली. "पोरीचे सगळे डोस होईपर्यंत रोजची भवानी माझी."

असला सौदा सोडणारा मी नव्हे. कुलपाचा भाव मुद्दाम दुप्पट सांगितला. त्यांनी घासाघीस न करता दिला. माझ्या धंद्यात एवढा अपमान कुणी केला नव्हता. पुढे रोज एक कुलूप, रोज तोच अपमान.

शेवटचा डोस झाला आणि साहेब यायचे बंद झाले. दुसरं दुकान धरलं असणार, म्हणून मी तावातावाने त्यांच्या खोलीवर गेलो. एकटेच होते. माझी कुलपं कोपऱ्यात रचलेली, एकाचाही कागद काढलेला नाही. वर खिळ्याला टांगलेला, लोखंडी पट्ट्या लावलेला एक बूट, माझ्या तळहातावर मावेल एवढा.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"आमच्या किरणचा," ते म्हणाले. "तो गेला तेव्हा इकडे थेंब आले नव्हते."

उद्या या, काही घेतलं नाही तरी चालेल, एवढं म्हणून उठलो.

"छबी असेल?" त्यांनी विचारलं.

सकाळी आधी कोपर आलं, मग साहेब. छबी नुकती चालायला लागली होती. डुलत डुलत त्यांच्यापुढे जाऊन तिने हात वर केला. साहेबांनी खिशातला हात काढून बोट पुढे केलं. तिने ते घट्ट धरलं आणि दोघं म्हैस बघायला गेली.

त्या दिवशीही माझी भवानी बुडालीच.