आक्कांची खिल्लारं

आक्कांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, तोंड उघडायला सांगितलं. इथे परदेशात, सेम्बावांगमधल्या आमच्या कॉन्डोत, लिफ्टच्या दारात, भाजीची पिशवी सावरत मी ते उघडलंही. का, ते मला अजून सांगता येत नाही. त्यांनी मान तिरकी करून आत पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला निकाल ऐकवला, "जुळलाय. पर खांद्यात दम न्हाई."

बैलाचे सगळे दात आले की बैल जुळला म्हणतात. थोडक्यात मी वयाने पूर्ण वाढलेला, पण औताला निरुपयोगी. इतकं थेट अप्रेझल मला ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

आक्का म्हणजे शेजारच्या महेशची आई. महेश तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणजे काय करतो हे त्यालाही चार वाक्यांत सांगता येत नाही. आक्कांचं काम एका शब्दात सांगता यायचं: गुरं. माणदेशात खिल्लार जनावरांची पैदास करणारं त्यांचं घराणं. नवरा लवकर गेला तेव्हा दीर म्हणाले, गुरं विकून टाकू. आक्का म्हणाल्या, आधी तुम्हाला विकते, कुणी घेतंय का बघू. हे महेशने सांगितलेलं सभ्य रूप. आक्का स्वतः सांगत तेव्हा महेश मुलीला आतल्या खोलीत पाठवी.

दुष्काळात त्या सगळा कळप हाकत कृष्णाकाठी चालत गेल्या होत्या, पाठीला तान्हा महेश बांधून. वाटेत लांडगा आडवा आला. आम्ही ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा लांडगा एक होता आणि आक्कांनी धोंडा मारला होता. गणपतीत ते दोन झाले. दिवाळीच्या फराळापर्यंत लांडग्यांचा कळप झाला आणि धोंडा गळून पडला. "नुसतं बघितलं मी त्यांच्याकडं," आक्का म्हणाल्या. मला ते खरं वाटतं, कारण त्याच नजरेसमोर आमचा कॉन्डो मॅनेजर मागे सरकलेला मी पाहिलाय.

तो आला होता गवताची चौकशी करायला. इथे लॉन कापलं की गवत काळ्या पिशव्यांत भरून फेकून देतात. आक्कांना ते बघवेना. त्यांनी पिशव्या वर आणवल्या, बाल्कनीत गवत वाळवलं आणि पेंढ्या बांधून एअरकंडिशनरच्या यंत्रावर रचल्या. नात इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, कॅनॉट लाह." आक्का म्हणाल्या, "वैरण टाकायची न्हाई." मॅनेजरने इंग्रजीत आगीचे नियम सांगितले, आक्कांनी मराठीत त्याच्या चालीवर मत दिलं. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही, म्हणून चर्चा फार सलोख्याने संपली.

आम्हा इंजिनियरांबद्दल त्यांना दया होती. सकाळी ओळखपत्रं अडकवून आम्ही एमआरटी स्टेशनाकडे निघालो की त्या बाकावरून म्हणत, "गळ्यात पट्टा हाय, घंटा तेवढी ऱ्हायली."

मात्र एका बाबतीत आम्ही सगळे त्यांना फसवत होतो. गावी पडून आक्कांचा खुबा मोडला, तेव्हा त्या दवाखान्यात असतानाच महेशने सगळी गुरं विकली आणि मग त्यांना इकडे घेऊन आला. घरी सांभाळायला कुणी नव्हतंच. त्यांना सांगितलं, की पुतण्या बघतोय. मग दर रविवारी पुतण्या व्हिडिओ कॉलवर कुणाच्यातरी दावणीपुढे उभा राही. आक्का विचारत, "सोनी कशी हाय?" तो एक पांढरी गाय दाखवी. आक्का म्हणत, "झ्याक दिसती." एवढ्या मोठ्या बँकेतल्या महेशने याहून बिनचूक प्रोजेक्ट कधी चालवलं नसेल.

पोंगलच्या दिवसांत लिटिल इंडियात गाई आणून ठेवतात. महेशला मीटिंग होती, म्हणून आक्कांना मी घेऊन गेलो. कठड्याभोवती गर्दी, पोरं सेल्फी काढतायत. आक्कांनी एका गलेलठ्ठ बैलाकडे पाहून विचारलं, "ह्यो बैल हाय का सोफा?" मग एका पांढऱ्या गाईपाशी थांबल्या. राखणदार तमिळ होता. आक्का त्याच्याशी मराठीत काहीतरी बोलल्या, त्याने मुकाट्याने वाट करून दिली. त्यांनी गाईच्या गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी खाजवायला सुरुवात केली. गाईने डोळे मिटले. आक्का बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मी फोनमध्ये बघण्याचं नाटक केलं.

"माझी सोनी इकली त्यानं," त्या वळून न बघता म्हणाल्या. "समदीच इकली."

मी म्हटलं, "कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोण कशाला म्हणंल? फोनात दावत्यात ती सोनी न्हवं. माझ्या हाताखाली वाढल्याली गाय मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही महेशला बोलत का नाही?"

"काय बोलू? एकटं पोर. हितनं धावत आलं, माझ्या उशापाशी बसून ऱ्हायलं. इकली, आन् मग सांगायला त्याची जीभ उचलंना." गाईने त्यांचा हात चाटला, तो त्यांनी तसाच राहू दिला. "रविवारी माझ्या तोंडाकडं बघत बसतंय, म्हातारीला कळलं का म्हणून. मी म्हंते, सोनी झ्याक दिसती. मग जेवतंय नीट."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमी बी बोलू नका."

त्यानंतरही कितीतरी रविवार त्यांनी त्या परक्या गाईचं कौतुक केलं. मी समोर असलो तरी त्यांच्या आवाजात काही फरक पडत नसे.

या वर्षी आक्का गेल्या, इथेच, थोड्याशा आजाराने. अस्थी गावी पोचवून महेश परतला, तेव्हा कॉन्डोच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. लोक त्यांच्या गोष्टी सांगत होते, हसत होते. सगळे गेल्यावर मी महेशला खुर्च्या रचू लागलो.

"एक बरं झालं," तो म्हणाला. "गुरं विकल्याचं आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर तिने मला माफ केलं नसतं."

मी हातातली खुर्ची भिंतीशी ठेवली.

"हो," मी म्हटलं, "बरं झालं."