कळकाच्या टोकावर पार्वतम्मा

“बायको गावाला गेली म्हणून झुरणारा गडी मी न्हाय!” असं शंकरप्पा रोज सकाळी चहाच्या गाड्यावर जाहीर करायचे, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना! त्यावरून गल्लीनं काय ओळखायचं ते ओळखलं होतं.

पार्वतम्मा धारवाडला लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. नात झाली. बारशाचं बोलावणं आलं, पण ते लेकीकडून. जावयानं स्वतः फोन केला नाही. झालं! शंकरप्पा रुसले. “जावई बोलावंस्तवर मी धारवाडची वेस वलांडणार न्हाय!”

“बसा मग रुसून,” पार्वतम्मा फोनवर म्हणाल्या, “तितं भाकरी कोण थापतंय बघते की!”

जाताना त्यांनी कडक भाकऱ्यांची चळत करून डब्यात घातली होती. शंकरप्पा रोज एकच मोडून खायचे. भूक नव्हती असं नाही हो. चळत संपली की तिच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं.

आता रुसलेल्या माणसाला जाता येत नाही, पण बघायला काय हरकत? लेकीचा जुना लॅपटॉप घरात होता. वायफाय दोन घरं सोडून राहणाऱ्या सोमशेखरचं. पण त्याची रेंज शंकरप्पांच्या घरापर्यंत यायची ती रांगत, धापा टाकत. पार्वतम्मा पडद्यावर दिसायच्या त्या चौकोन-चौकोन होऊन, ठिगळांच्या वाकळेसारख्या. ओठ हलायचे सोमवारी, आवाज यायचा मंगळवारी!

“काका, आमच्या सोप्यात येऊन बसा की,” सोमशेखर म्हणाला.

“वायफाय तुजं चालंल. पण माजी बायको मी माज्याच उंबऱ्यात बसून बघणार!”

बारशाच्या दिवशी सकाळीच त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या गुफरानला बोलावलं. त्यानं खिशातून शेपटीवालं एक यंत्र काढलं. “चाचा, तुमच्या लॅपटॉपचे कान गेलेत. हे बाहेरचं अडॅप्टर म्हंजे कानाची मशीन समजा. आणि हे सॉफ्टवेअर बघा, ही हिरवी रेघ. रेघ उठली की रेंज उठली!”

अडॅप्टर खिडकीत ठेवलं. रेघ उन्हातल्या मांजरासारखी आडवी. फडताळावर ठेवलं. रेघेनं कूससुद्धा बदलली नाही. पाण्याच्या टाकीवर ठेवलं तेव्हा तिनं एकदा शेपूट हलवलं आणि पुन्हा झोपली.

“मधी पत्र्याची शेड हाय ना चाचा. लई उंच पायजे.”

उंच म्हटल्याबरोबर शंकरप्पांचे डोळे लकाकले! सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाचा उंचच उंच बांबू, कमरेवर पेलायला छाती लागते, आणि अर्ध्या गल्लीला तो पेलायचा सराव शंकरप्पांनीच दिलेला. सरावाचा भलामोठा कळक परसात उभाच होता. टोकाला अडॅप्टर बांधलं, वायरीला वायरी जोडल्या, लॅपटॉप उंबऱ्यावर ठेवला. कळक नुसता भिंतीला टेकवला, तर वाऱ्यानं कलला. गुफराननं धरून बघितला. दोन पावलं डावीकडं, चार उजवीकडं, आणि पठ्ठ्या शेजारच्या केराबाईनं वाळत घातलेल्या शेंगांत बसला!

“नक्को चाचा, ये तुमचंच काम!”

शंकरप्पांनी कमरेला चामडी पट्टा आवळला, त्यात कळकाचं बूड बसवलं आणि गल्लीत उभे राहिले. कळक सरळ आभाळात! रेघ ताडकन उठली!

पण कळक उठलेला बघून गल्लीही उठली ना! “औंदा सराव लवकर धरला व्हय काका?” करत पोरं धावली, म्हातारे धावले, कुणीतरी हलगीसुद्धा आणली. नको म्हणायला शंकरप्पांना मान वळवता येईना. पेलणाऱ्यानं नजर टोकावरून हलवायची नाही, हा त्यांचाच दंडक. तो मोडणाऱ्यांना त्यांनी पूर्वी फटके दिलेले.

“आली! चाची आली! एकदम साफ!” गुफरान ओरडला.

शंकरप्पांनी मान वळवली. एवढीश्शी! कळक डुलला, रेघ कोसळली, पार्वतम्मांची वाकळ झाली.

“काका, वर बघा वर!” सगळी गल्ली खेकसली.

मग काय! ज्याची बायको तो आभाळाकडं बघतोय, आणि बाकीची गल्ली त्याच्या उंबऱ्यावर बसून बारसं बघतीय!

“केराबाई, कशी दिसत्या गं?” शंकरप्पांनी ढगाला विचारलं.

“वाळलीय जरा.”

“नात?”

“न्हाय, पार्वतम्मा. हिरवं लुगडं नेसलीया. नात ग्वाड हाय की! नाक तेवढं तुमचं आलंय बिचारीला.”

“हसत्या का?”

“कोण, नात?”

“न्हाय गं!”

तेवढ्यात पार्वतम्मांचा आवाज आला, खणखणीत. “सगळी गल्ली दिसतीया. आमचं माणूस कुटं हाय?”

“कळक धरून उभं हाय! आणि तुमी केलेल्या भाकऱ्याबी खात न्हाई वो. सोन्यागत जपून ठेवल्यात डब्यात!”

“केराबाई!” शंकरप्पा आभाळावर ओरडले.

हलगी थांबली. पार्वतम्मा प्रेमात आल्या की कानडीत उतरतात, हे फक्त शंकरप्पांना ठाऊक. त्या हळूच म्हणाल्या, “बर्री इल्लि.” या हिकडं. मागून जावईही काहीतरी बोलला, पण तेवढ्यात हलगी पुन्हा सुरू झाली. ती माफीच होती, असं शंकरप्पांनी ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळच्या एसटीत ते बसले, मांडीवर भाकऱ्यांचा डबा घेऊन. पण मान! मान वरच अडकलेली! सबंध प्रवास गाडीचं छत बघत केला. कंडक्टरला वाटलं, गृहस्थ देवभोळे दिसतात.

धारवाडला दारात पार्वतम्मा उभ्या. “अवो, हिकडं बघा की!”

“मान खाली यीना!”

शेवटी त्या बाईनं स्टूल ओढलं, नातीला घेऊन वर चढली आणि कळकाच्या टोकावरून वाकावं तशी त्यांच्या तोंडावर वाकली. मधे ना शेड, ना वायर, ना सोमशेखर. वीतभर अंतर!

“दिसतोय का आता आमी?”

इतक्या खटाटोपानंतर सगळं लख्ख समोर आलेलं, आणि नेमकं तेव्हाच शंकरप्पांच्या डोळ्यांत मेलं पाणी भरलं. पार्वतम्मा पुन्हा वाकळ!