एकशे चोवीस किलो आणि वामननाना

वामननानांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. समोरच्या ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मधल्या भागात जरा जास्त वेळ रेंगाळले आणि म्हणाले, "एकशे चोवीस."

जळगावच्या त्या कॉलनीत आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो. सामान उतरत होतं. मला वाटलं, म्हातारा घराचा नंबर सांगतोय. मी म्हणालो, आमचं घर अठरा नंबरचं आहे.

"घर अठराच हाये," नाना म्हणाले. "तुम्ही एकशे चोवीस."

मला राग आला, पण त्या आकड्याची शहानिशा करायची सोय नव्हती. डॉक्टरांच्या दवाखान्यातला काटा एकशेवीसला संपायचा. मी उभा राहिलो की काटा शेवटच्या रेघेला टेकून थरथरत उभा राही आणि डॉक्टर माझ्या कागदावर "१२० +" असं लिहीत. शेवटी एका रविवारी मी गुपचूप लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला ओळखीचा होता. त्यानं मला मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं रचली आणि फोडून देऊ की अख्खंच नेता, असं विचारलं. वजन एकशे चोवीस भरलं. पाव किलो इकडेतिकडे असेल, ते माझ्या चपलांचं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी शाळेत भूगोल शिकवायचो. मुलांनी माझं नाव पृथ्वीगोल ठेवलं होतं आणि मला ते मनातून मान्य होतं. मी भारताच्या नकाशासमोर उभा राहिलो की मध्य प्रदेश दिसेनासा व्हायचा. माझ्या सासूबाई शिंदखेड्याच्या, बोलणं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या. साखरपुड्यानंतर त्यांनी माझ्याबद्दल शेजारणीला एवढंच सांगितलं होतं, "जवाई चांगला शे, पन जरा जास्तीच शे." तेव्हा मी फक्त ब्याण्णव किलो होतो. पुढचे बत्तीस किलो हे हिवाळ्यातल्या भरीत-पुरीचं, वरण-बट्टीचं आणि माझ्या मनमोकळ्या स्वभावाचं फळ. वाढणाऱ्याला मी कधी नाही म्हणालो नाही. लोकांचं मन मोडवत नाही मला.

तर वामननाना. त्यांचं सगळं आयुष्य रावेरला केळीचे घड तोलण्यात गेलं. मापाडी होते. चाळीस वर्षं घड उचलून काट्याला अडकवायचे, आकडा ओरडायचा, की पुढचा घड. पुढं पुढं म्हणे हातात घेतल्या घेतल्याच त्यांना वजन कळायचं आणि काटा फक्त व्यापाऱ्याच्या समाधानासाठी राहिला. मग हातात घ्यायचीही गरज राहिली नाही. "ह्या डोयानं कयते," असं सांगायचे. नाना 'ळ'चा 'य' करायचे. त्यांच्या तोंडी जळगावचं जयगाव व्हायचं आणि केळीची केयी.

काम सुटल्यावर ते जळगावला आले. मुलगी सुरतेला दिलेली, बायको आधीच वारलेली. समोरच्या घराची माडीवरची मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. आता समोर घड नव्हते म्हणून ते माणसं तोलायचे. दूधवाला सायकलवरून गेला की "एकोनसाठ". पोस्टमन, "त्रेसष्ट, पिशवी धरून अडुसष्ट". एका लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकले, तर नानांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून "एकशे अकरा" असा एकत्रित आशीर्वाद दिला. नवरीकडच्यांनी तो फार शुभ मानला.

कॉलनीतल्या बायका मात्र त्यांना मानायच्या. बाळंतीण माहेरून आली की बाळाला आधी नानांकडे न्यायचं. नाना हात धुवायचे, धोतराला पुसायचे, बाळाला दोन्ही तळव्यांवर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. "तीन किलो दोनशे." मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं तेही सांगायचे. बाळ वाढलेलं असलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू वाढवलं त्यांनीच. निरोप देतानाही ते कुणाला 'या' म्हणत नसत. "घटू नका," म्हणायचे. केळीच्या धंद्यात घट म्हणजे तोटा, म्हणून ती सवय, असं मी समजत होतो.

मला ते रोज सकाळी शाळेत जाताना गाठायचे. मी मागच्या गल्लीतून जायला लागलो. नानांनी ओटा बदलला. दिवाळीनंतर तर त्यांचा उत्साह बघवत नसे. "एकशे एकोनतीस. शाबास मास्तर." अख्ख्या जळगावात माझ्या वाढीचं कौतुक असलेला तो एकच माणूस होता.

मग चारेक वर्षांनी एका सकाळी मी न्हाणीघरात पडलो. पडलो म्हणजे बसलो, पण असा की दार आणि बादली यांच्यामध्ये पक्का अडकलो. पत्नीला, सुनंदाला, मी हलेना. तिनं शेजाऱ्यांना बोलावलं. कमरेला टॉवेल, अंगाला साबण आणि दारात अर्धी कॉलनी. नाना पुढं झाले. त्यांनी मला एकदा पाहिलं आणि जाहीर केलं की माल एकशे एकतीस आहे, चौघं लागतील, दोघं बगलेत, दोघं गुडघ्याखाली, आणि झटका देऊ नका. मला उचललं तेव्हा माझी दहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तिला वाटलं, मी मेलो. मी तिच्याकडे बघून हसलो, पण चार माणसांच्या हातावर आडवं असताना हसण्याला फारसं वजन नसतं.

गुडघा सुजला होता. त्या निमित्तानं तपासण्या झाल्या. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, झोपेत श्वास मध्येच थांबत होता. डॉक्टरांनी सुनंदाला बाहेर बसवून मला स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर मुलीचं लग्न बघायचा विचार करू नका. पथ्यं मी सगळी केली होती. महिनाभर काकडी खाऊन मी चार किलो घटायचो आणि एका वरण-बट्टीत सहा वाढायचो. तेव्हा त्यांनीच मुंबईच्या एका सर्जनचं नाव दिलं. पोट कापून त्याला आतून टाके घालायचे आणि वरच्या बाजूला चहाच्या कपाएवढी पिशवी ठेवायची. मग माणूस खाऊच शकत नाही. तेव्हा आमच्याकडे असं काही कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. शाळेत मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यापेक्षा तोंडाला टाके घातले तर स्वस्त नाही का पडणार.

सगळे हसले, एक नाना सोडून. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावरून उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, किती कमी होणार. चाळीसेक किलो, मी अभिमानानं सांगितलं. ते आत गेले. दुसऱ्या दिवशी सुनंदाला येऊन म्हणाले की भरलेल्या घडाला कोयता लावू देऊ नका. सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही जाऊन भेटले. मला हसू आलं. म्हटलं, म्हाताऱ्याची करमणूक जाणार, म्हणून कासावीस झालाय.

मुंबईला ऑपरेशन झालं. छातीपासून बेंबीपर्यंत टाके पडले. पहिल्या दिवशी शुद्धीवर आलो तेव्हा मला कळलं की आपण फार मोठी चूक केली आहे. दुसऱ्या दिवशी त्याची खात्री पटली. तिसऱ्या दिवशी नर्सनं चमच्यानं पाणी दिलं आणि तो एक चमचा प्यायला मला पाच मिनिटं लागली. ज्या माणसानं एका बैठकीत चौदा बट्ट्या खाल्ल्या होत्या, तो पाण्याच्या चमच्याकडे बघून घाबरत होता.

जळगावला परतलो. आधी पातळ ताक, मग वरणाचं पाणी, मग तीन चमचे मऊ भात. चौथा चमचा घेतला की सगळं उलटून पडायचं. पण वजन उतरायला लागलं. शर्ट शिंप्याकडे गेले, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायला लागलं. बघायला आलेला प्रत्येक जण कौतुक करायचा.

नाना आले नाहीत. ते ओट्यावर बसून नुसते बघायचे. गंमत अशी की इतकी वर्षं ज्या आकड्यासाठी मी गल्ल्या बदलल्या, तो ऐकायला आता मीच आसुसलो होतो. मी रोज मुद्दाम त्यांच्यासमोरून जायचो, छाती काढून उभा राहायचो आणि विचारायचो, नाना, किती? एकदा म्हणाले, उजेड कमी हाये. एकदा म्हणाले, चष्मा घरात राह्यला. चष्मा नाकावरच होता. मग त्यांच्याकडून डबे यायला लागले. साजूक तुपातला शिरा, सायीचं दही, कुस्करलेली केळी. मी एक चमचा खाऊन डबा परत करायचो. नाना झाकण उघडून आत बघायचे आणि पुन्हा लावायचे.

चार महिन्यांत मी अठ्ठ्याण्णववर आलो. शंभराच्या आत. दवाखान्यातला काटा पहिल्यांदाच मधे कुठंतरी थांबला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिथून थेट नानांच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. दुपार होती. नाना खाटेवर बसले होते. मी म्हणालो, आज आकडा ऐकल्याशिवाय जाणार नाही, तुमचा डोळा खरा की डॉक्टरांचा काटा ते एकदा ठरू द्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघत ते बोलायला लागले.

"माह्यी बायको बासष्ट होती. एक दिवस मले साठ दिसली. मी तिले सांगितलं. ती खुश झाली. मंग अठ्ठावन. मंग पंचावन. मी रोज सांगायचो आन् ती हसायची, लुगडं आता चांगलं बसते म्हने. मीबी हसायचो. गावाले सांगत फिरलो, माह्यी बायको बारीक झाली."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"एकेचायीसवर दवाखान्यात नेली. डॉक्टरनं विचारलं, इतक्या दिवस तुम्हाले दिसलं नाही का? दिसत व्हतं, मास्तर. अर्धा अर्धा किलो दिसत व्हतं. शेवटी भुसावयहून घरी आनली तवा टांग्यातून मीच उचलून आत घेतली. दोन्ही हातावर व्हती. किती ते मले समजलं. आजवर कोनाले सांगितलं नाही."

मी त्यांना सांगितलं की माझं तसं नाही, हे मुद्दाम केलेलं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय की नव्वदच्या आसपास आपोआप थांबेल.

"थांबते का पन?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, थांबतं. म्हणालो खरं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मलाही जरा भीती वाटली.

त्यानंतर मी त्यांना कधी आकडा विचारला नाही. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जायचो आणि येताना ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून त्यांना कागद दाखवायचो. पंच्याण्णव. त्र्याण्णव. नाना कागद हातात धरायचे आणि बघून परत द्यायचे. एक्क्याण्णव. मग पुन्हा एक्क्याण्णव. त्यानंतरच्या वेळीही तेच निघालं, तेव्हा मी पायऱ्या न थांबता चढून त्यांच्या खोलीत गेलो. ते स्टोव्हवर खिचडी करत होते. मी कागद पुढं केला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, जेवता का.

मी हो म्हणालो. त्यांनी फळीवर हात घातला, मग थांबले. खोलीत ताट एकच होतं. मी घरी जाऊन माझी ताटली घेऊन आलो. ती मुलीची, लहानपणची. ऑपरेशननंतर मी तिच्यातच जेवायचो. नानांनी तिच्यात डावभर खिचडी वाढली, वर तूप सोडलं, आणि आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो.

मला पाच घास खायला अर्धा तास लागतो. एक घास घ्यायचा, पीठ होईपर्यंत चावायचा, गिळायचा, थांबायचं. घरात सगळ्यांची जेवणं उरकतात, भांडी घासून होतात आणि मी एकटाच ताटलीपुढं बसलेला असतो. त्याची सवय झाली होती. म्हणून माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मी घास घेतला की नाना घास घेत होते. मी थांबलो की ते खिडकीबाहेर बघत थांबायचे. त्यांची खिचडी केव्हाच गार झाली होती, पण माझा शेवटचा घास होईपर्यंत त्यांनी त्यांचा शेवटचा घास ताटात राखून ठेवला.