अंत्यविधीच्या मधोमध अपडेट

एलिया गुरुजी शनिवारी सकाळी वारले, आणि त्यांच्या जावयाला, सायमनला, पहिला फोन मस्कतला करावा लागला. तो खरं तर बायकोनं करायचा. पण गुरुजींच्या दोन्ही मुली एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोरली एंजेला मस्कतच्या इस्पितळात नर्स. धाकटी एस्तेर, म्हणजे सायमनची बायको, देवळाली प्रवऱ्यातच शिक्षिका. आई गेल्यावर पप्पांनी कुणाकडं राहायचं यावरून दोघींची जुंपली आणि मग कायमचा अबोला झाला. तेव्हापासून एकीचं म्हणणं दुसरीपर्यंत नेण्याचं काम सायमनकडं आलं होतं.

एंजेला फोनवर खूप रडली. तिचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, त्यामुळं निघायची सोयच नव्हती.

"सायमन, मला पप्पांना शेवटचं बघायचंय रे."

"ताई, मी दाखवतो. उद्या दुपारचा सगळा विधी तुम्हाला तिथं बसून दिसेल. माझ्यावर सोडा."

हा शब्द सायमननं उगाच दिला नव्हता. गावातल्या कॉलेजचं सगळं नेटवर्क तोच सांभाळायचा. चर्च कॉलेजच्या भिंतीला लागूनच. नाताळचा कार्यक्रम लोकांना घरी दिसावा म्हणून त्यानंच कॉलेजच्या मुख्य स्विचपासून चर्चपर्यंत केबल ओढली होती. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे; साऱ्या कॉलेजच्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात, तो डबा. तो अलीकडं अधूनमधून अडकायचा. कंपनीच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं, नवं सॉफ्टवेअर टाका. सायमननं शुक्रवारीच ते त्यात भरून ठेवलं आणि डबा आपला आपण बंद होऊन चालू व्हावा अशी वेळ लावून दिली. कुणाला त्रास नको म्हणून त्यानं मुद्दाम रविवारची दुपार निवडली.

सासऱ्यांच्या जाण्यानं ही गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ गेली.

रविवारी चर्च गच्च भरलं. गुरुजींच्या हाताखाली शिकलेली अर्धी देवळाली तिथं होती. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच बजावलं, "कुणाचाही मोबाईल वाजता कामा नये." सायमननं आपला मोबाईल एस्तेरच्या पर्समध्ये टाकला आणि मागं लॅपटॉपपाशी जाऊन बसला. कॅमेरा शवपेटीवर आणि पहिल्या बाकावर रोखलेला. मस्कतहून एकटी एंजेला बघत होती. सगळं नीट चाललं होतं.

दुसरं गीत संपलं. रडून रडून एस्तेरचा घसा कोरडा पडला होता. शेजारच्या मार्था मावशीनं तिच्या हातावर लिंबाची गोळी ठेवली आणि कानात म्हणाली, "गुरुजी वर्गात झोपलेल्या पोरालाबी अशीच गोळी द्यायचे, म्हनायचे, झोप गोड लागू दे." एस्तेरला एवढ्या दुःखातही हसू फुटलं. आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबलं.

सायमननं लॅपटॉपवर मस्कतला दिसणारं चित्र पाहिलं. बापाच्या पेटीशेजारी बसून त्याची बायको सगळे दात दाखवत हसत होती. हलेना, मिटेना. तो क्षणभर चक्रावला आणि मग त्याला आठवलं. रविवार. दुपार.

तो चर्चच्या मागच्या दारानं कॉलेजकडं पळत सुटला. स्विचच्या खोलीला साधं कुलूप नव्हतं. चोरी होऊ नये म्हणून सायमननंच भांडून तिथं अंगठ्याचं यंत्र बसवून घेतलं होतं. त्यानं अंगठा लावला. यंत्र गप्प. अंगठा कुणाचा हे यंत्र स्विचमधून ऑफिसच्या कॉम्प्युटरला विचारायचं, आणि स्विच दाराच्या आत बंद पडलेला. सायमननं अंगठा शर्टाला पुसून पुन्हा लावला, मग दुसऱ्या हाताचा लावला. शेवटी त्यानं दाराला खांदा दिला. दार जागचं हललं नाही.

अडचणीच्या वेळची किल्ली ऑफिसातल्या वैजनाथकडं होती, आणि वैजनाथ चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर होता. सायमन वाकून, सगळ्यांची नजर चुकवत त्याच्यापर्यंत गेला. पाळकसाहेब गुरुजींच्या साधेपणावर बोलत होते.

"वैजनाथ, खोलीची किल्ली कुठाय?"

"माझ्यापाशीच हाय की. लई जपून ठेवलीय."

"मग दे ना!"

वैजनाथनं खाली मान घातली. "करदोट्याला बांधलीय, सायेब. हितं कशी काढू?"

दोघं वाकूनच बाहेर पडले. पाळकसाहेब बोलता बोलता थांबले, त्यांनी दोघांकडं पाहिलं आणि पुढं "मनुष्य धूळ आहे" इथून सुरू केलं.

खोली उघडली. स्विच चालू झालेला होता, दिवे लुकलुकत होते, कॉलेज पूर्ववत होतं. चर्चकडं जाणाऱ्या केबलचा दिवा तेवढा विझलेला. त्या केबलच्या टोकाचा बोटाएवढा जोड दुसऱ्या कंपनीचा होता. जुनं सॉफ्टवेअर त्याला मुकाट्यानं चालवून घ्यायचं; नवं त्याला ओळखच देईना. दुसरा जोड नगरशिवाय मिळणार नव्हता. सायमननं जुनं सॉफ्टवेअर परत लावलं आणि स्विच पुन्हा बंद करून चालू केला. आता थांबण्याशिवाय काही हातात नव्हतं.

खिडकीतून गीत ऐकू आलं. गुरुजी रोज पहाटे अंगण झाडताना म्हणायचे ते. सायमनला एकदम भरून आलं. कालपासून त्याला रडायला सवडच झाली नव्हती. हात जोडून, डोळे मिटून तो स्विचपुढं उभ्या उभ्या ते गीत म्हणू लागला. वैजनाथला वाटलं, हे मशीन असंच चालू होत असणार. त्यानंही हात जोडले.

दिवा हिरवा झाला. सायमन धावत परतला आणि चर्चच्या दाराशीच थबकला. बाहेर लिंबाखाली एस्तेर उभी होती. कानाला त्याचाच मोबाईल.

झालं होतं असं, की बहीण हसतेय हे बघून एंजेलाचा जीव जळाला आणि तिनं सायमनला फोन लावला. पर्स भर प्रार्थनेत थरथरू लागली. एस्तेर उठून बाहेर आली आणि नाव न बघताच तिनं फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "सायमन, ती हसतेय कशाला एवढी?"

"कोण हसतंय, ताई?" एस्तेर म्हणाली.

त्यानंतर दोघी बराच वेळ नुसत्या रडल्या. मग गोळीची गोष्ट सांगून झाली, आणि आता एस्तेर दारातून आत बघत बहिणीला एकेक सांगत होती. "मार्था मावशीनं पेटीवर शेवंतीचा हार ठेवला. पिवळी गं. हो, चष्मा घातलाय त्यांना. मीच घातला."

"एस्तेर, चित्र सुरू झालं!" सायमन धापा टाकत म्हणाला.

तिनं ते फोनवर सांगितलं, पलीकडचं ऐकलं, आणि डोळे पुसत म्हणाली, "ताई म्हणते, राहू दे. तू सांगतेस तेच बरं दिसतंय."

दफनभूमीतही फोन चालूच राहिला. एस्तेरनं मूठभर माती टाकली, मग दुसरी मूठ उचलून "ही ताईची" म्हणाली. पाळकसाहेबांनी मोबाईलकडं पाहिलं आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

त्या आठवड्यात बहिणींचे रोज फोन होऊ लागले. सायमनला कुणी काही पोचवायला सांगेना. तो निवांत झाला.

एका संध्याकाळी तो भाजीची पिशवी घेऊन घरात शिरला, तर ओट्यावर मोबाईल ठेवून दोघींच्या गप्पा चाललेल्या.

"राग मानू नकोस हं एस्तेर," एंजेला म्हणत होती, "पण लोणच्यात मीठ जरा कमी घाल. दरवर्षी तोंड पोळतं माझं."

"कुठलं लोणचं?"

"तू पाठवतेस ते. माझी आठवण काढून स्वतः घालतेस ना?"

एस्तेरच्या हातातलं लाटणं थांबलं. "मी? बरं, आणि तू माझ्या वाढदिवसाला दरवर्षी केक पाठवतेस तो?"

"कसला केक?"

एस्तेरनं दाराकडं पाहिलं. मग फोनमधून "सायमन!" आणि ओट्यापासून "अहो!" एकदमच आलं.

सायमननं पिशवी खाली ठेवली.

"बाजारातल्या त्या बाईला सांगतो," तो हळूच म्हणाला, "मीठ कमी घालायला."