एक इंच रुंद खिडकी

परुळेकरांच्या उजव्या खिशात कायम एक मोजपट्टी असे. पोलादी, बटण दाबलं की सळकन आत जाणारी. सोसायटीत कुणाकडे काही नवं आलं की बाकीचे लोक पेढा मागत, परुळेकर माप घेत. कदमांकडे रंगीत टीव्ही आला, तेव्हा कदमवहिनी ओवाळायला तबक घेऊन येईपर्यंत यांनी त्याची लांबी, रुंदी, खोली घेऊन टाकली होती. दातारांच्या मुलीचं लग्न ठरलं, तर चहापोह्यांच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाला भिंतीपाशी उभं करून त्याची उंची घेतली आणि भरल्या घरात जाहीर केलं, "आमच्या जावयापरास नवरो दीड इंच कमी भरलो." ते लग्न मोडलं नाही, याचं श्रेय मी दातारांच्या सहनशक्तीला देतो.

हेवा सगळेच करतात. परुळेकर तो सुतात आणि इंचात करत, एवढाच फरक.

माणूस मूळचा मालवणकडचा. गिरणीत टाइमकीपर होते, संपात नोकरी गेली, मग भांडुपच्या एका पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाले. वय चोपन्न, वजन त्याहून किंचित कमी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी ए विंगला दुसऱ्या मजल्यावर, ते बी विंगला दुसऱ्या मजल्यावर. दोघांचे हॉल रस्त्याकडे, आणि दोघांची स्वयंपाकघरं मागच्या बाजूला, समोरासमोर. मधे सहा फुटांची फट. त्या फटीतून परुळेकरवहिनी आणि आमची सुनंदा रोज सकाळी एवढं बोलत, की आकाशवाणीनं ते प्रक्षेपित केलं असतं तर पाच स्टेशनं पुरली नसती.

परुळेकरांचं दुसरं वेड म्हणजे बजेट. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर ते घराचं बजेट मांडत आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगत. कुठलीही गोष्ट सुचवा, उत्तर ठरलेलं. जुहूला भेळ खायला येता? "बजेटात बसणा नाय." गणपतीची वर्गणी पाच रुपये वाढवलीय. "बजेटात बसणा नाय." एकदा त्यांना सणकून ताप आला आणि डॉक्टर म्हणाले, आठ दिवस विश्रांती. परुळेकर ग्लानीत होते, तरी ओठ हलले. काय म्हणाले ते सांगायला नको.

तर अशा माणसाच्या समोर मी सरकती खिडकी बसवली.

हॉलची जुनी लाकडी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची, सोनेरी रंगाची, दोन झडपांची. ऑफिसच्या पतपेढीनं हात दिला म्हणून. आमच्या दोन्ही विंगांत पहिलीच. खोटं सांगत नाही, पहिल्या रविवारी खाली एवढी गर्दी जमली की भाजीवाल्यानं हातगाडी आमच्याच फाटकाशी आणून लावली. काच इतकी स्वच्छ, की ठाण्याहून निघालेले कावळे वाट चुकून तिच्यावर धडकत. मी दिवसातून अकरा वेळा ती उघडत होतो आणि बारा वेळा लावत होतो.

परुळेकर तिसऱ्या दिवशी आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट खिडकीशी गेले, पट्टी काढली, माप घेतलं आणि वहीत लिहिलं. मग झडप सरकवली. परत सरकवली. मग उजवा हात मागे बांधून डाव्या हाताच्या करंगळीनं सरकवून पाहिली.

"रे पेंडसे, ही पावसात पण अशीच सरकता?"

"अहो, भूकंपात पण सरकेल."

"फुगणा नाय?"

"अ‍ॅल्युमिनियम कसं फुगेल, परुळेकर? फुगायला ते काय माझं सासर आहे?"

ते हसले नाहीत. चहाही न घेता गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो हेवा पाहून माझं महिन्याभराचं जेवण झालं.

पुढचे पाच रविवार परुळेकर कोटेशनं गोळा करत हिंडले. कुर्ला, घाटकोपर, भांडुप. मुंबईत अ‍ॅल्युमिनियम कापणारा एकही माणूस असा उरला नसेल, ज्याच्या बाकड्यावर परुळेकर बसून आले नाहीत. अकरा कोटेशनं आली. आणि इथे त्यांनी ती चूक केली, जी जगात फक्त परुळेकरच करू शकतात. त्यांनी स्वतःच्या खिडकीचं माप दिलंच नाही. माझ्या खिडकीचं दिलं, अधिक एक इंच.

भांडुपचा स्लायडिंगवाला जागा बघायला आला, तेव्हा मी मुद्दाम हजर होतो.

"साहेब, खिडकीचा गाळा तर एवढाच आहे," तो म्हणाला. "तुमची खिडकी एक इंच जास्त कशी बसणार?"

"समोर पेंडशाकडे किती आसा?"

"समोर पण एवढाच आहे."

"मग आमका इंच जास्त होयो."

"भिंत फोडावी लागेल."

"फोड."

भिंत फोडायची म्हणजे प्लॅस्टर आलं. प्लॅस्टर आलं म्हणजे रंग आला. एका भिंतीला नवा रंग दिला की उरलेल्या तीन कुष्ठरोग्यासारख्या दिसणार, म्हणून सगळ्या हॉलला. एवढ्या रंगापुढे जुने पडदे बरे दिसेनात. पडदे आले, पडद्यांची लाकडी पेटी आली, आणि एवढा थाट केल्यावर बसायला काय, ती डुगडुगणारी खाट? सोफा आला, अर्थात कागदावर. दारामागचं बजेट कॅलेंडरच्या एका पानावरून बारा पानांवर गेलं. एका इंचापायी परुळेकर अर्धा बंगला बांधायला निघाले होते.

मी काय, गंमत बघत होतो. पण खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती. त्यांच्या कारखान्याचा बोनस जवळ आला होता. या हट्टी माणसानं खरंच भिंत फोडून माझ्याहून इंचभर मोठी खिडकी बसवली, तर माझ्या खिडकीकडे बघणार कोण? मग मी आपलं विष पेरायला घेतलं.

"परुळेकर, एक सांगू? त्या खालच्या पट्टीत पाणी साठतं हो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे बेडूक निघाला."

"दुसऱ्या माळ्यार?"

"चढतात. चकाकीची ओढ असते त्यांना."

"कितको मोठो होतो?" म्हणत त्यांनी खिशात हात घातला.

अशा माणसाला कुणी घाबरवायचं कसं?

दरम्यान घरी वेगळंच चाललं होतं. एकदा जेवताना सुनंदा म्हणाली, "परुळेकरवहिनी हल्ली खिडकीत येतच नाहीत."

"कामात असतील."

"चार महिने? पाऊस सुरू झाला तेव्हापासून खिडकी बंद. मी हाका मारते, त्या आतून काहीतरी म्हणतात, ऐकूच येत नाही. फाटकाशी भेटल्या तर हसतात, पण लगेच जातात. रागावल्यात त्या. तुमच्या त्या सोनेरी खिडकीपायी."

"अगं, जळतात ते."

"जळू देत नाहीतर विझू देत. मला सकाळी बोलायला माणूस राहिलं नाही, एवढंच सांगते."

मी आमटी भुरकली. जळणाऱ्या माणसाची बायकोही जळणार, त्यात विशेष काय, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

बोनस झाला. एका रविवारी सकाळी भांडुपवाल्याचा टेम्पो बी विंगखाली उभा दिसला, कधी आला कोण जाणे. मी दाढी अर्धी टाकून त्यांच्याकडे धावलो. भिंत कुठून फोडतात ते तरी बघावं.

हॉलमध्ये शुकशुकाट. भिंत धड, खाट जागच्या जागी आणि खिडकी तीच जुनी, लाकडी. माझ्या जिवात जीव आला.

"काय परुळेकर, बेत रद्द?"

"हंय ये," स्वयंपाकघरातून आवाज आला.

खिडकी तिथे बसली होती. लहानशी, साध्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमची, रस्त्यावरून कुणाच्या बापाला दिसणार नाही अशी. एक इंच मोठीही नव्हती. गाळ्याएवढी होती.

"इथे?" मी म्हणालो. "इथे कोण बघणार आहे?"

परुळेकर जमिनीवरचे लाकडाचे तुकडे गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "पाऊस सुरू झालो तेवाच हिचा मनगाट मोडला ना. प्लॅस्टर काडला, पण बोटां मिटणत नाय. जुनी खिडकी फुगली. दोनदा हिना खांद्यान ढकललान, मग सोडून दिलान. मी सकाळी सातांक कामार जातंय. उघडून गेलंय तर पावसान सगळा आत. बंद करून गेलंय तर ही दिवसभर भिंतीकडे बघीत बसता."

"मग आम्हाला सांगायचं तरी. सुनंदा आली असती."

"ही नको म्हणता. हाताकडे कोणी बघलेला तिका आवडणा नाय."

वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. उजवा हात पदराखाली. त्यांनी डावी करंगळी झडपेला लावली आणि झडप सरकली. समोर सहा फुटांवर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. लाकडी. बंद.

"सुनंदा," वहिनींनी हाक मारली, "आहेस काय गो?"

पलीकडे आधी भांडं पडल्याचा आवाज झाला. मग कडी. मग धक्का. झडप हलली नाही. मग बत्त्याचा एक ठोका, मग दुसरा. प्रत्येक ठोक्याला आमच्या चौकटीचा रंग पोपडा पोपडा होऊन खाली पडत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीचं मापसुद्धा मी कधी घेतलं नव्हतं.

परुळेकरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उघडतली रे," ते म्हणाले. "तिचो हात बरो आसा."

चौथ्या ठोक्याला खिडकी उघडली. सुनंदा घामाघूम झाली होती. तिनं वहिनींकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या झडपेकडे, मग वहिनींच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे, अर्ध्या गालाला साबण लावलेल्या. पहिल्या दोन्हींकडे बघून ती हसली.

आणि मग दोघी सुरू झाल्या. कुणी रागावलं होतं की नाही, हा विषयच निघाला नाही. थेट कदमांच्या सुनेपासून सुरुवात.

"चल," परुळेकर हळू म्हणाले आणि त्यांनी मला दंडाला धरून हॉलमध्ये नेलं. "बोलांदे त्यांका."

आम्ही दोघे त्या डुगडुगणाऱ्या खाटेवर बसलो. आतून सुनंदाचं हसणं येत होतं. माझ्या घरी चार महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं.